उकंडराव, दगा मी दिला नव्हता

मी केनवडच्या उकंडरावांची पिकअप बोलतेय. खरं तर 'उकंडरावांची होते' असं म्हणायला हवं, पण अकरा वर्षांची सवय दोन महिन्यांत सुटत नाही. सध्या मी रिसोडला कैलासचंद शेठच्या दुकानाची पोती वाहते. इथं मला कुणी बोल लावत नाही आणि कुणी लाडही करत नाही. पण माझ्यावर आलेला आळ घेऊन भंगारात जायची माझी तयारी नाही, म्हणून हे सांगणं.

मी केनवडला आले तेव्हा उकंडरावांच्या पत्नीनं, मनकर्णाबाईंनी, माझ्या चारही चाकांवर पाणी घालून मला ओवाळलं होतं. त्यांची मुलगी वैभवी तेव्हा आठ-नऊ वर्षांची होती. पहिल्याच दिवशी हॉर्न वाजवून वाजवून तिनं माझा घसा बसवला. पुढं मी लोकांचं सोयाबीन नेलं, बकऱ्या नेल्या, मंडपाचे बांबू नेले, अनसिंगला वऱ्हाड नेलं. माझ्या भाड्यावर ते घर चाललं. उकंडराव गाडी चालवताना माझ्याशी बोलायचे. मेव्हण्यावरचा राग, वैभवीचं पोलीस भरतीचं वेड, सगळं मला माहीत. बायकोला न सांगितलेल्या गोष्टीही माहीत आहेत आणि त्या मी इथंही सांगणार नाही. इमान कशाला म्हणतात ते मला कळतं.

गेल्या दसऱ्याला मला धुतलं, झेंडूचा हार घातला. तेव्हा मनकर्णाबाई म्हणाल्या, "हार वरून घालता, अन् राबते तं इंजिन. त्याले काहून उपाशी ठेवता? उघडा बरं ते बोनेट."

बोनेट उघडलं. बाईंनी पूजेचा लाल नाडा काढला आणि हाताला जो दांडा लागला त्याला पाच वेढे देऊन गाठ मारली. वीतभर टोक मोकळं सोडलं. तो दांडा नेमका माझ्या ॲक्सिलेटरचा. पाय दाबला की तो पुढं जातो, पाय काढला की स्प्रिंग त्याला मागं ओढते. उकंडराव शेजारी हात जोडून उभे होते. खोटं कशाला बोलू, मलाही भरून आलं होतं.

आठवड्याभरात ते टोक तेलानं चिकट झालं आणि स्प्रिंगमध्ये अडकायला लागलं. रिसोडच्या रस्त्यावर उकंडरावांनी पाय काढला तरी माझी रेस उतरेना. मी नुसती भोकाड पसरून ओरडत होते. त्यांनी घाबरून चावी फिरवली, उतरून बोनेट उघडलं. त्या हिसक्यात टोक सुटलं आणि परत चालू केल्यावर मी अगदी गरीब गाय. असं तीनदा झालं.

मग मला बादल मिस्त्रीकडं नेलं. त्यानं चालू करून पाहिलं, दहा वेळा रेस दिली. "माह्यासमोर तं काहीच करून नाही राह्यली," तो म्हणाला. "डिझेलात कचरा असन." फिल्टर बदलला. चार दिवसांनी पुन्हा तेच, तेव्हा त्यानं ॲक्सिलेटरची वायर बदलायला घेतली. आता तरी सुटका होईल असं मला वाटलं, कारण वायर तिथंच येते.

"हा नाडा पूजेचा हाय का?" त्यानं विचारलं.

"घरचीनं बांधला दसऱ्याले," उकंडराव म्हणाले.

बादलनं हात पुसले, नाड्याला बोटं लावून कपाळाला लावली. "मंग राहू द्या. देवाचं हाय, आपण कायले तोडा? पडन तवा पडन." त्यानं तो अलगद बाजूला सरकवला, नवी वायर बसवली आणि नाडा होता तिथं नीट परत ठेवला. रोगाच्याच पाया पडणारा वैद्य मी पहिल्यांदा पाहिला.

त्यानंतरचा प्रसंग सांगवत नाही. अंगणात उकंडराव मला मागं घेत होते. वैभवी मागं उभी राहून "येऊ द्या, येऊ द्या" करत होती. टोक अडकलं, रेस चढली आणि मी गोठ्याच्या भिंतीवर जाऊन आदळले. वैभवीनं उडी मारली, पण तिचा एक पाय सापडला. घोट्याचं हाड मोडलं. तिची धावण्याची चाचणी तीन आठवड्यांवर आली होती, ती हुकली.

दवाखान्यातून आल्यावर उकंडराव माझ्यासमोर उभे राहिले. "अकरा वर्सं तुले लेकीवानी ठेवलं, अन् तू माह्याच लेकीवर गेली," ते म्हणाले. मग आत वळून बायकोला म्हणाले, "इनं दगा देला. आता दारात नको." त्या धक्क्यानं उघडलेलं माझं बोनेट दिवसभर तसंच होतं. त्यांनी एकदा वाकून पाहायला हवं होतं. मला सगळ्यात जास्त ते लागलं.

विकायच्या दिवशी मनकर्णाबाई आल्या आणि त्यांनी गाठ सोडवून नाडा अख्खा काढून घेतला. "गाडी फिरली, पण या नाड्यानं माही पोरगी राखली," त्या म्हणाल्या. "हा नव्या गाडीले बांधतो." त्या क्षणापासून आजपर्यंत माझी रेस एकदाही आपोआप चढली नाही. शेठचा ड्रायव्हर शेषराव म्हणतो, "उकंडरावले चालवताच येत नसन."

परवा बाजार समितीच्या आवारात उकंडराव माझ्याशेजारीच येऊन थांबले. गाडी माझ्याच बनावटीची, थोडी धाकटी. पुढच्या सीटवर वैभवी, मांडीवर काठी. त्यांनी पाय काढला तरी त्या गाडीची रेस क्षणभर वरच राहिली. "आपल्या हातची व्हायची हाय अजून," ते पोरीला म्हणाले, "पण तीन दिवसांनी तुले दवाखान्यात हिच्यातच नेतो." माझ्याकडं त्यांनी पाहिलं नाही.

वाचणाऱ्यांपैकी कुणी केनवडला जात असेल तर त्यांना माझा निरोप द्या. मला परत नेऊ नका, माझी समजूतही काढू नका. बादल मिस्त्रीकडं तर जाऊच नका, तो पुन्हा पाया पडेल. घरातली कात्री घ्या, नव्या गाडीचं बोनेट उघडा आणि तो नाडा आपल्या हातानं कापा. मनकर्णाबाई रागावल्या तर रागावू द्या. पण आजच कापा, उद्या वैभवीला त्याच गाडीतून दवाखान्यात न्यायचंय.