लेन गॅमलिनचे बारा खांब

आमच्या नेदर कोपल गावात सभेला गैरहजर राहणं हा गुन्हा आहे, आणि त्याची शिक्षा म्हणजे पद. मी दाढ काढायला गेले होते. सुजलेला गाल घेऊन परत आले तर दारात हिलरी टेंपल फुलं घेऊन उभी. मला वाटलं, दाढेची चौकशी करायला आली. ती म्हणाली, "अभिनंदन, ग्वेन. तुम्ही जत्रा समितीच्या चिटणीस झालात. एकमताने." तोंडात कापसाचा बोळा होता, त्यामुळे नाही म्हणता आलं नाही. त्याला नऊ वर्षं झाली.

हिलरी समितीची अध्यक्ष. आधी शाळेची मुख्याध्यापिका होती. कुणाला बोलायचं झालं तर ती इतकं गुंडाळून बोलते की माणूस घरी जातो, चहा पितो, आणि मग त्याच्या लक्षात येतं की आपण शिव्या खाऊन आलो. डेस्मंड पाइक विम्याच्या नोकरीतून निवृत्त होऊन अकरा वर्षांपूर्वी लंडनहून इथे आला, म्हणून गाव त्याला अजून 'तो नवीन आलेला' म्हणतं. पाद्री टोबी तिशीतले आहेत आणि सगळ्यांना हो म्हणतात. राहिले मी. सव्वीस वर्षं गावचं पोस्ट सांभाळलं, लग्न केलं नाही. मी लोकांची पोस्टकार्डं वाचायचे असं गावात बोलतात. उघड्या कार्डावरचं डोळ्यांना दिसतं, त्याला वाचणं म्हणत नाहीत.

जत्रा जुलैच्या दुसऱ्या शनिवारी. केकची स्पर्धा, नारळ पाडायचा खेळ, जुन्या पुस्तकांचं टेबल, आणि तीन वाजता पाऊस. पाऊस समितीने ठरवलेला नसतो, पण वेळेवर येतो तो तेवढाच. म्हणून मंडप हवा. आणि मंडप म्हणजे लेन गॅमलिन.

लेनने पंचेचाळीस वर्षं तो जाडजूड कापडाचा मंडप उभा केला. आमचं मैदान नावालाच मैदान. एका बाजूला चढ, दुसरीकडे खळगा, मधेच एक उंचवटा. लेनने प्रत्येक खांब त्याच्या त्याच्या जागेच्या मापाने कापला होता. कुठला कुठे, ते त्यालाच ठाऊक. आम्ही फक्त दोर ओढायचो. बोलायचा तर मुळीच नाही. त्याच्यामागे कायम तीन काळी-पांढरी कुत्री असत, त्यांनाही तो शीळ घालून बोलवायचा. एक मेलं की तसंच दुसरं यायचं. गावाला वाटायचं, तीच तीन कुत्री वर्षानुवर्षं जगताहेत.

फेब्रुवारीत लेन गेला. एप्रिलमध्ये आम्ही चौघांनी सभागृहामागची खोली उघडून खांब बाहेर काढले. प्रत्येक खांबाच्या वरच्या टोकाला, एरवी कापडाच्या शिवणीत झाकलं जातं तिथे, लाल रंगात काहीतरी लिहिलेलं होतं. डेस्मंडने चष्मा लावला.

"क्वीनी, एकोणीसशे शहात्तर," त्याने वाचलं. "डॉली, ऐंशी. नेल, त्र्याऐंशी. रूबी, सत्त्याऐंशी. पॉली, नव्वद." मग तो थांबला. "ही बायकांची नावं आहेत."

"बारीक नजर आहे तुमची," मी म्हटलं.

"दर तीन-चार वर्षांनी नवी," डेस्मंड म्हणाला. "बारा खांब, म्हणजे चाळीस वर्षं. आणि कुणाला पत्ता नाही."

चौघांचीही डोकी चालू झाली. क्वीनी म्हणजे माझ्या आधीची पोस्टमास्तरीण. रूबी ही बेकरीवाल्याची बायको. पॉली तर अजून पबमध्ये बसते आणि शेरीचा दुसरा ग्लास झाला की उगाचच हसते. आत्तापर्यंत आम्हाला ते शेरीमुळे वाटायचं.

"माणूस प्रेमळ होता," टोबी म्हणाले. पाद्री आहेत, त्यांना काहीतरी बोलणं भागच होतं.

मग डेस्मंडने सहावा खांब उचलला, वाचला, आणि झोपलेलं मूल ठेवावं तसा हळूच खाली ठेवला. मी वाकून बघितलं. 'ग्वेन, १९९४.'

"दुसरी कुणी ग्वेन असेल," मी म्हणाले.

"नक्कीच, ग्वेन," हिलरी म्हणाली.

गावात दुसरी ग्वेन नाही. सव्वीस वर्षं टपाल वाटून हे मला कळत नसेल तर कुणाला कळणार? मी शपथेवर सांगते, लेनचं आणि माझं काही नव्हतं. पण सगळे इतक्या समजूतदारपणे माना डोलवत होते की मी जितकं बोलेन तितकं ते खरं ठरत होतं. पुढच्या आठवड्यात दुकानात गेले तर दोघी बायका बोलायच्या थांबल्या आणि माझ्या स्वेटरचं कौतुक करायला लागल्या. चौदा वर्षांचा स्वेटर तो.

हिलरीने सभा घेतली. "बेरिलला यातलं काही दिसता कामा नये," ती म्हणाली. बेरिल म्हणजे लेनची बायको. "झाकली मूठ राहू दे. खांबांना रंगाची गरज आहेच." मी इतिवृत्तात लिहिलं: 'खांबांची देखभाल. हिरवा रंग, दोन हात.' नावं लिहायची नाहीत असंही ठरलं, आणि नावं लिहायची नाहीत असं ठरलं हेही लिहायचं नाही असं ठरलं. प्रत्येकाने तीन खांब घ्यायचे, नावं घासून काढायची, वर रंग मारायचा. माझा खांब मी मागून घेतला.

आता खरं सांगते. १९९४ साली माझी आई गेली. त्या जूनमध्ये लेन न बोलावता आला आणि माझं मागचं फाटक दुरुस्त करून गेला. तासाभरात एकच वाक्य बोलला, "बिजागरी गंजली होती." चहा प्यायला आणि गेला. इतकी वर्षं मला तो बिजागरीचा प्रश्न वाटत होता. आता मी रात्रंदिवस त्या वाक्याचा अर्थ लावत बसले. त्या आठवड्यात जाऊन केस सेट करून आले. कोणासाठी ते विचारू नका, माणूस फेब्रुवारीतच गेला होता. पण एकाहत्तराव्या वर्षी कळावं की कुणीतरी आपलं नाव लपवून जपलं होतं, तेव्हा पायांखालची जमीन जरा मऊ लागते. मला आनंद झाला होता. बेरिलच्या नवऱ्यामुळे झाला होता, म्हणून लाजही वाटत होती. पण आनंद जास्त होता.

मी दोन खांब घासले, रंगवले. तिसरा खालपासून वरपर्यंत रंगवला आणि वरची वीतभर जागा तशीच सोडली. तिच्यावर एक जुना लोकरी मोजा चढवला आणि चिठ्ठी बांधली: 'रंग ओला आहे.' मे महिन्यात बांधलेली ती चिठ्ठी जुलैपर्यंत तशीच होती. आमच्या गावात माणूस शेजाऱ्याच्या भानगडीत हात घालेल, पण ओल्या रंगाला हात लावणार नाही.

जत्रेच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, आम्ही मंडप उभा करायला घेतला. घोडं पेंड खात होतं ते इथे. बाराही खांब हिरवे, एकसारखे, आणि मापात दोन-चार बोटांचा फरक. डेस्मंडने उंचीप्रमाणे तक्ता करून आणला होता. त्या तक्त्याने मंडप उभा राहिला, आणि बसायला निघालेल्या गाईसारखा आधी पुढून वाकला, मग मागून. दुसऱ्यांदा टोबी आत अडकले. तिसऱ्यांदा कुणाला आत जायचा धीर झाला नाही. पश्चिमेकडे आभाळ काळं झालं होतं आणि दुसऱ्या दिवशी अकराला केक येणार होते.

"या वर्षी जमलं नाही तर पुढच्या वर्षीपासून शहरातून प्लॅस्टिकचा भाड्याने आणू," हिलरी म्हणाली. "हा मग... विश्रांती घेईल."

तेवढ्यात बेरिल आली. हातगाडी ढकलत आली. गाडीत लेनचा लाकडी हातोडा, दोरखंडाची भेंडोळी, आणि मागे तीन काळी-पांढरी कुत्री.

"झालं खेळून?" ती म्हणाली.

"बेरिल, तुम्हाला त्रास नको म्हणून आम्ही..." हिलरीने सुरुवात केली.

"त्रास? पाच महिने वाट बघतेय मी. कुणीतरी येईल, विचारेल, बेरिल, मंडप कसा लावायचा गं. विचारायचं सोडाच, माझं दार आलं की लोक रस्ता ओलांडून पलीकडून जातात. टोबी, तुम्हीसुद्धा."

टोबी लालबुंद झाले. आम्ही सगळेच गेलो होतो पलीकडून. आधी काय बोलावं सुचेना म्हणून, आणि नंतर ती नावं कळली म्हणून.

"आणि अवघड काय आहे त्यात?" बेरिल म्हणाली. "नावं आहेत की खांबांवर. क्वीनी पाण्याच्या पंपाजवळ. तिथून उजवीकडे, जशा जशा घरी आल्या तशा."

डेस्मंडने विचारलं, "घरी? तुमच्या घरी यायच्या?"

"मग कुठे ठेवायच्या? हिवाळ्यात चुलीपुढे झोपायच्या. नेल तर पलंगावर, आमच्या दोघांच्या मधे."

टोबी हातातल्या खुंटीकडे बघायला लागले.

"आणि तुम्हाला ते... चालायचं?" हिलरीने विचारलं.

"अहो, अर्ध्या तर मीच आणल्या. बाजारातून, पाटीत घालून. लहान असताना दात शिवशिवायचे मेल्यांचे, खुर्च्या कुरतडायच्या. म्हणून लेन एकेकीला एकेका खांबाला बांधायचा. ज्या खांबाला चावली, त्याच्यावर तिचं नाव."

तिन्ही कुत्री शेपट्या हलवत आमच्याकडे बघत होती. डेस्मंडने चष्मा काढून पुसला. हिलरीने पहिल्यांदाच मान खाली घातली. आणि माझ्या कानशिलात जी आग लागली ती मी शब्दांत सांगू शकत नाही. फाटक, बिजागरी, केसांचा सेट, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं.

बेरिलने जवळचा खांब उचलून टोक बघितलं. दुसरा उचलला. तिसरा.

"नावं कुठायत?"

"रंग दिला," डेस्मंड पुटपुटला. "दोन हात."

"घासून," टोबी म्हणाले. खोटं बोलता येत नाही त्यांना, तीच पंचाईत.

बेरिलने तिसरा खांब गवतावर ठेवला. मग म्हणाली, "वाढदिवसाचं कार्डसुद्धा लिहायचा नाही तो. दोघांची सही मीच करायचे. माझ्याकडे त्याच्या हातचं एक अक्षर नाही. म्हटलं, मंडप उतरवला की तुमच्याकडून एखादा खांब मागून घेईन." तिने हातोडा टोबींच्या हातात दिला, शीळ घातली, आणि कुत्री घेऊन घराकडे वळली.

मोजा चढवलेला खांब माझ्या पायाशीच होता. गप्प बसले असते तर कुणाला कधी कळलंही नसतं. संध्याकाळी एक हात रंग मारला की विषय संपला. गावाने माझ्याबद्दल पाहिजे ते धरलं होतंच, ते एव्हाना आपोआप पुसलं गेलं होतं. आता तो मोजा काढायचा म्हणजे सगळ्यांसमोर आपलं हसं करून घ्यायचं. मी बेरिलची पाठ बघितली. तिने लेनचा कोट घातला होता, बाह्या दुमडून.

"बेरिल, थांब," मी म्हटलं. चिठ्ठी फाडली, मोजा ओढला. लाल अक्षरं लख्ख होती. "एक राहिलंय."

"ग्वेन," हिलरी म्हणाली, "हे तुम्ही का ठेवलंत?" नऊ वर्षांत तिने विचारलेला हा पहिला सरळ प्रश्न.

"मला वाटलं, ती मी आहे," मी म्हटलं.

कुणी माझ्या स्वेटरचं कौतुक केलं नाही. बेरिल परत आली, गवतात बसली आणि एकेका अक्षरावरून बोट फिरवत राहिली. मग तिने वर बघितलं. डोळे भरले होते, पण तोंड हसत होतं.

"अगं, तूच आहेस ती. तुझ्यावरूनच ठेवलं त्याने नाव."

"का?"

"टपाल दारात पडलं की सगळ्यांच्या आधी तीच फोडायची."

टोबी असे हसले की हातोडा पायावर पडला. डेस्मंड हसला. मीही हसले, दुसरं करते काय. बेरिलने माझा हात धरून मला शेजारी बसवलं आणि हळू आवाजात म्हणाली, "बाराजणी गेल्या-आल्या आमच्याकडे. त्यातल्या एकीसाठीच रडला तो. हिच्यासाठी. सगळ्यांत हुशार, म्हणायचा." मग कोटाच्या बाहीने नाक पुसून ती उठली.

बाकीचे अकरा खांब तिने बुडाशी बोटं फिरवून ओळखले. रंगाने नाव गेलं होतं, दातांचे खळगे गेले नव्हते. "ही डॉली, हिचा पुढचा दात पडला होता. ही मेग, हावरट." मग लेनची शीळ घालून तिने आम्हाला उभं केलं. "डेस्मंड, क्वीनीला घेऊन पंपाशी. टोबी, नेलला सरळ धरा, तिला झोपायची सवय आहे. हिलरी, रूबी वाकली बघा." आणि हिलरी टेंपलने, जिला आयुष्यात कुणी हुकूम दिला नव्हता, रूबी सरळ केली.

सहावी जागा उंचवट्यावर. तिथे माझा खांब धरून मी उभी राहिले. मंडप एका दमात ताठ झाला. पहिले थेंब पडायला लागले होते, एक दिवस आधीच.

"ग्वेन, जरा डावीकडे," बेरिलने हाक दिली.

मला म्हणाली की खांबाला, ते मी विचारलं नाही. आम्ही दोघंही सरकलो.