जवाईबापूंची हजेरी

कळमेश्वरच्या रस्त्यावर गिट्टी फोडणाऱ्या प्रयागबाईला त्या सकाळी जे काम मिळालं, तसं पंधरा वर्षांच्या मजुरीत कधी मिळालं नव्हतं. मालकाच्या पाहुण्यांना मजूर बनवायचं होतं, तेही तिनं.

त्याचं असं झालं. रस्ता सरकारी पैशाचा असला की ठेकेदारानं सरकारनं ठरवलेलीच मजुरी द्यायची, बाईला नि गड्याला सारखी, असं करारात लिहिलेलं असतं. ऐंशी सालच्या त्या उन्हाळ्यात या रस्त्यावर हा दर होता सहा रुपये रोज. मधुकरराव ठेकेदार हजेरीबुकात सहा लिहून त्यावर अंगठा घ्यायचे आणि हातावर तीन ठेवायचे. सरकार कुठं उन्हात पाहायला येतं, असा त्यांचा हिशेब. पण महिन्यापूर्वी आनंदराव नावाचा लेबर इन्स्पेक्टर खरंच उन्हात येऊन उभा राहिला. काय सांगायचं ते सगळ्या मजुरांकडून पाठ करून घेतलेलं होतं. तरी गोपिकानं त्याला बेधडक सांगितलं, "सहा सांगा म्हणे साहेब, भेटते तीनच." दुसऱ्या दिवशी गोपिकाचं काम गेलं आणि आठवड्यानं मधुकररावांचं बिल अडकलं.

आता तोच इन्स्पेक्टर पुन्हा यायचा होता. मधुकररावांनी शक्कल लढवली. खऱ्या मजुरांना लकडगंजला आपल्या नव्या घराच्या विटा वाहायला धाडलं आणि हजेरीवरच्या बारा गड्यांच्या नावांसाठी घरची बारा माणसं गोळा केली. भाचे, साडू, पुतणे, घरचा स्वयंपाकी, असे ओढूनताणून अकरा भरले. बारावा मिळेना. तेव्हा अमरावतीचा जावई कृष्णकांत, जो अधिक महिन्याच्या पाहुणचाराला आला होता आणि अनारसे खाऊन खाऊन कंटाळला होता, आपणहून म्हणाला, "मामाजी, तासाभराचं तं काम आहे. मी येतो."

ज्या महिन्यात जावयाचे पाय धुवायचे, त्याच महिन्यात त्याच्या हाती हातोडी द्यायची! मधुकररावांनी कानाला हात लावला. पण बारावा माणूस पाहिजेच होता.

प्रयागबाईला त्यांनी बाजूला घेतलं. "यायले बसाचं कसं, हातोडी धराची कशी, तेवढं दाखव. अन् तोंड उघडलं तं गोपिकाच्या मागं जाशील, सांगून ठेवतो."

प्रयागबाईनं मान हलवली. ज्येष्ठाच्या उन्हात दुसरीकडे कुठं काम मिळत नव्हतं आणि घरी खाणारी चार तोंडं होती. गोपिकासारखं धाडस परवडणारी बाई ती नव्हती, आणि त्याची तिला लाजही वाटत होती.

इन्स्पेक्टर दहाच्या एसटीनं आला. चहा नको म्हणाला. जीपनं सोडतो म्हटलं तर तीही नको म्हणाला. "परतीची बस पाचला आहे. तोवर काम पाहतो," असं म्हणून तो बाभळीखाली बूड टेकून बसला. बारा पाहुण्यांचे चेहरे खर्रकन उतरले.

मग जी गंमत झाली, ती पाहून प्रयागबाईनं पदर तोंडात कोंबला. साडू अकराला ऊन लागलं म्हणून आडवे झाले ते उठलेच नाहीत. एका भाच्यानं दगड सोडून स्वतःचा अंगठा फोडला. स्वयंपाकी तेवढा इमानेइतबारे काम करत होता, त्याला मधुकररावांच्या घरी याहून जास्त कष्ट होते. कृष्णकांत मात्र हट्टी. बँकेत कारकुनी करणारा हात, बारा वाजेपर्यंत तळव्याला चार फोड आले, तरी तो थांबेना.

प्रयागबाईला राहवलं नाही. आपल्या बोटांची सायकलच्या ट्यूबची पट्टी सोडून तिनं त्याला दिली. "हे बांधा बापू. अन् दगडावर राग नका काढू. त्याले नस असते, तिच्यावर मारा."

त्यानं मारलं. दगड सरळ दुभंगला आणि तो पोरासारखा हसला. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "बाई, तुम्ही हे रोज करता?"

"नाही तं का."

"अन् रोजी किती भेटते?"

प्रयागबाईनं मालकाकडे पाहिलं आणि खाली मान घालून पुढचा दगड ओढला. कृष्णकांतनंही मालकाकडे पाहिलं.

चार वाजता इन्स्पेक्टर हजेरीबुक घेऊन उठला. एकेकाला विचारू लागला, किती मिळतात? सहा. समाधानी आहात? हो जी. असं करत तो कृष्णकांतपाशी आला.

"सहा भेटते असं सांगतात," कृष्णकांत म्हणाला, "पण समाधान कायचं साहेब? दिवसभर या उन्हात, अन् सहा रुपये? माणूस आहे का बैल आहे?"

"जवाईबापू!" मधुकररावांच्या तोंडून निसटलंच.

इन्स्पेक्टरनं चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही मजुराला जवाईबापू म्हणता?"

मधुकररावांना घाम फुटला. "आमी... आमी मजुरायले घरच्यासारखंच वागवतो, साहेब."

"अस्सं," म्हणून इन्स्पेक्टर प्रयागबाईकडे वळला. "आणि तुम्हाला किती मिळतात, बाई?"

मालक तिच्याकडे डोळे वटारून बघत होते. तिला घरची चार तोंडं दिसली. शेजारी जावयाचे सोललेले हात दिसले. एका दिवसात त्याला जे बोलता आलं, ते आपल्याला पंधरा वर्षांत बोलता आलं नाही, याचा तिला एकदम संताप आला.

"हे घरचे आहेत साहेब, म्हणून यायले सहा," ती म्हणाली. "मी बाहेरची. मले तीन."

इन्स्पेक्टरनं नोटीस लिहिली, प्रत मधुकररावांच्या हाती दिली आणि पाचची बस धरली. बिल तसंही अडकलेलंच होतं, आणखी एका नोटिशीचं मधुकररावांना काही नव्हतं, अशा नोटिशी त्यांच्या घरी डब्यांखाली अंथरायला असत. प्रयागबाईनं आपलं काम गेलंच असं धरलं. सकाळी आपली हातोडी तेवढी घेऊन यावी, म्हणून ती रस्त्यावर गेली, तर जीप उभी. कृष्णकांत हाताला हळद बांधून दगडावर बसलेला, आणि त्याच्यासमोर मधुकरराव अनारशांचा डबा उघडून उभे.

"कालपासून पाण्याचा थेंब नाही घेतला यायनं, मजुरायले पुरे सहा देल्याशिवाय जेवत नाही म्हणते," ते प्रयागबाईलाच सांगू लागले, जणू तीच त्यांची विहीण. "अधिकात जवाई उपाशी! तुह्या मालकीण रडून राहिल्या. घे, आजपासून साऱ्यायले सहा. तुलेही. झालं समाधान? आता तरी एक घास घ्या, बापू."

कृष्णकांतचा हात डब्याकडे गेला.

"थांबा जी बापू," प्रयागबाई म्हणाली. तिनं कमरेची फडकी सोडली, भाकर आणि मिरचीचा ठेचा त्याच्यासमोर ठेवला. "पैसा शनिवारी हातात पडते. तवरक तुमी रुसूनच राहा. भाकर माह्याकडची खा."

कृष्णकांतनं भाकर मोडली. मधुकरराव डबा घेऊन उन्हात उभे राहिले.