विचारून बसायची खुर्ची

मी एक जुनी घडीची खुर्ची आहे. मित्रांनो, विमानातल्या गुबगुबीत खुर्च्या तुम्ही पाहिल्या असतील. त्या माझ्या कोणी लागत नाहीत. माझी जागा विमानाच्या पुढच्या टोकाला, बंद दाराच्या आत, कॅप्टनच्या पाठीमागे, भिंतीला लागून आहे. काम नसले की मी मिटलेली असते, कोणी आले की उघडते. अलास्कातल्या आमच्या अँकरेजच्या विमानतळावर मला जंपसीट म्हणतात.

माझे तिकीट निघत नाही. कितीही श्रीमंत माणूस आला तरी त्याला मी मिळत नाही. माझ्यावर बसणारा स्वतः वैमानिक असावा लागतो, आणि त्याने कॅप्टनसमोर उभे राहून तोंडाने विचारावे लागते, "तुमच्याबरोबर येऊ का?" ऑफिसने कागद दिलेला असला तरी विचारावेच लागते. कॅप्टन म्हणतो, "या, बसा." हे दोन शब्द कानावर पडेपर्यंत मला हात लावायचा नाही, अशी आमच्यातली रीत आहे. येणारा रिकाम्या हाताने येत नाही. चॉकलेटचा डबा, गरम कॉफी, असे काहीतरी आणतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. ॲल्युमिनियमच्या नळ्या, निळे कापड, खांद्यावरून येणारे पट्टे आणि छातीवर बसणारे एक लोखंडी बक्कल, एवढीच माझी संपत्ती. तपासणाऱ्या बाईने मला शंभर वेळा उघडले, शंभर वेळा मिटले आणि म्हणाली, "ही टिकेल." मी टिकले.

पहिली काही वर्षे आमच्या विमानात माणसे बसत. मग कंपनी बुडाली आणि विमान मालवाहू झाले. मागच्या दोनशे खुर्च्या उपटून भंगारात टाकल्या. त्यांच्या जागी आता गोठवलेले खेकडे आणि यंत्रांचे खोके प्रवास करतात. मला मात्र कोणी हात लावला नाही. कधी कोणा वैमानिकाला घरापासून दूर कामावर जायचे असते, कधी कोणाला सुट्टीत समुद्र पार करून डोंगर पाहायचे असतात. कामाला निघालेला आणि मौजेला निघालेला, दोघांचे वजन मला सारखेच लागते.

मी आरामाची नाही, हेही सांगते. माझी पाठ मागे रेलत नाही. आठ तासांत चांगल्या चांगल्यांच्या कमरा धरतात. तरी लोक येतात.

आता मी तुम्हाला व्हर्ना टोलेफसनची हकिकत सांगते.

एकोणीस वर्षांपूर्वी, विमानात माणसे बसत होती त्या काळात, व्हर्ना आमची कॅप्टन होती. मिनियापोलिसहून होनोलुलूला निघायचे होते. बाहेर बर्फ पडत होता. एक कोवळा वैमानिक आत आला, त्याने मला उघडले आणि तो सरळ बसला.

"कोण तू?" व्हर्नाने विचारले.

"डेल कुल्हानेक, कॅप्टन. ऑफिसने कागद दिलाय."

"कागद ऑफिसचा. खुर्ची कुणाची?"

तो माझे पट्टे चाचपू लागला.

"कुठे निघालास?"

"कामावर."

त्याच्या पिशवीच्या बाजूला पोहायचे चष्मे आणि पायात घालायचे रबरी पंजे लटकत होते. व्हर्नाने तिकडे पाहिले आणि म्हणाली, "तुमच्याकडे कामावर पोहत जातात वाटतं. ऊठ. उतर खाली."

तो उतरला. आम्ही उडालो. त्या दिवशी मला मोठा अभिमान वाटला. माझा मान राखला गेला होता. पण समुद्रावर मध्येच मला जाणवले की आठ तास मी रिकामी जाते आहे. तो अभिमान थोडा टोचू लागला. कोणाला सांगणार?

पुढे कंपनी बुडाली तेव्हा व्हर्ना अलास्कातल्याच दुसऱ्या एका कंपनीत गेली. खेड्यापाड्यांत टपाल, पिठाची पोती आणि डॉक्टर पोहोचवू लागली. त्यानंतर मला ती कितीतरी वर्षे दिसली नाही.

मग गेल्या सप्टेंबरातली एक सकाळ आली. डोंगरांच्या माथ्यावर नुकतेच पांढरे दिसू लागले होते. आम्हाला ओसाकाला जायचे होते. कॅप्टनच्या जागेवर डेल कुल्हानेक बसला होता. होय, तोच. आता त्याच्या कानशिलावर पांढरे केस आले आहेत. त्याची सहवैमानिक मारिसोल विमानाला फेरी मारून वर आली ती हसतच.

"खाली ऑफिसात भांडण जुंपलंय," ती म्हणाली. "एका बाईंना आपली जंपसीट हवीये. ब्लेनने फॉर्म दिला. तर त्यांनी प्रवासाच्या कारणात काय लिहिलं असेल?"

"काय?"

"सायकल चालवायला."

डेल हसला. ब्लेन स्ट्रॅटन हा आमच्या अँकरेजच्या ऑफिसचा नवा व्यवस्थापक. कंपनीच्या पुस्तकात खुर्चीसाठी फक्त कॅप्टनची परवानगी लागते असे आहे. फॉर्ममध्ये प्रवासाच्या कारणाचा रकाना ब्लेनने स्वतःच्या मनाने वाढवला होता. मौजेला जाणाऱ्यांना तो खालूनच परत पाठवी. म्हणून सगळे त्यात काहीतरी ठोकून देत आणि सुखाने वर येत.

"ब्लेन म्हणाला, 'आजारी मावशी लिहा ना, कोण बघायला जातंय?'" मारिसोल सांगू लागली. "तर बाई म्हणाल्या, 'माझ्या दोन्ही मावश्या वारल्या. आणि असत्या तरी एका खुर्चीसाठी मी त्यांना आजारी पाडलं नसतं.' अकरा दिवसांनी त्या पासष्टच्या होतायत, म्हणजे निवृत्त. गणवेश उतरला की संपलं, ही खुर्ची पुन्हा नाही. म्हणून सायकल घेऊनच आल्यात, घडीची."

"नाव काय बाईंचं?"

"टोलेफसन."

डेलच्या हातातले पेन थांबले.

तेवढ्यात जिन्यावर पावले वाजली आणि व्हर्ना आत आली. केस सगळे पांढरे, चेहरा रागाने लाल. "हा घरी धुरावलेला सामन मासा आहे, तुमच्यासाठी," एवढे म्हणून तिने डबा मारिसोलच्या हातात दिला. मला खाली ओढले, बसली आणि बक्कल लावले. एकतीस वर्षांच्या सवयीचे हात होते ते. खटकन लागले.

मित्रांनो, मी ते वजन ओळखले. पण मला आनंद करता येईना. तिने विचारले नव्हते.

डेल हळूच मागे वळला. "कॅप्टन टोलेफसन, तुम्ही काहीतरी विसरलात."

"फॉर्म ना? त्या माणसाला मी सांगून आलेय, एक अक्षर बदलणार नाही."

"फॉर्म नाही."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. मग तिने त्याच्या छातीवरची नावाची पट्टी वाचली. तिने बक्कल सोडवले. ती उठली. मला मिटताना तिने हात सोडला नाही. माझी स्प्रिंग कडक आहे. बहुतेक लोक मला सोडून देतात आणि मी भिंतीवर दाणकन आपटते. व्हर्ना मला शेवटपर्यंत धरून नेत असे. त्या दिवशीही तिने तसेच नेले. मग ती दाराबाहेर गेली आणि जिना उतरली.

मला वाटले, गेली. मला राग आला, तो डेलचा, ब्लेनचा आणि माझ्या या रीतीचाही.

मारिसोल दबक्या आवाजात म्हणाली, "काय केलंस तू? म्हाताऱ्या बाईला."

"तिनेच शिकवलंय," डेल म्हणाला.

पावले पुन्हा वर आली. व्हर्ना दाराशी उभी राहिली, टोपी काढून हातात घेतली.

"कॅप्टन, मी व्हर्ना टोलेफसन. तुमच्याबरोबर ओसाकापर्यंत येऊ का?"

"कशासाठी?"

"सायकल चालवायला. तिकडे समुद्रात सहा बेटं आहेत, एकातून दुसऱ्यात पूल. बारा वर्षं मी त्याचं चित्र कपाटाच्या दाराला लावून ठेवलंय. माझं तिकडे काही काम नाही. कुणी आजारी नाही."

"मिनियापोलिस आठवतं?"

"आठवतं. न विचारता बसला होतास."

"तेवढ्यासाठी उतरवलंत?"

"खोटं बोललास म्हणून. पोहायला चाललोय म्हणाला असतास, तर दाराबाहेर जाऊन परत विचारायला लावलं असतं आणि बसवलं असतं."

"मग तेव्हा हे का नाही सांगितलंत? माझे मित्र तिकडे वाट बघत होते. मी दोन दिवस विमानतळावर पॉपकॉर्न खाऊन काढले. सुट्टी तिथेच संपली."

व्हर्नाने टोपी हातात फिरवली. मग म्हणाली, "रागात होते. आजही रागातच बसले. तेव्हाचंही चुकलं आणि आत्ताचंही. आता काय ते सांग. खाली माझी सायकल उघड्यावर आहे."

इतक्यात ब्लेन धापा टाकत वर आला. त्याच्या हातात तो फॉर्म होता. "कॅप्टन, कारण बदलल्याशिवाय मी यांना सोडणार नाही. ही खुर्ची कामासाठी आहे. मौज करायची तर माणसं तिकीट काढतात."

"तिकिटाचे पैसे आहेत माझ्याकडे," व्हर्ना म्हणाली. "पण एकतीस वर्षं मी माझ्या पाठीमागे माणसं बसवली. कुणी लग्नाला जात होतं, कुणी मासे पकडायला, कुणी नुसतं ऊन बघायला. त्या सगळ्यांना मी 'या, बसा' म्हटलं. ते काय चोर होते? मला माझ्या वाटणीचं ते एकदा ऐकायचंय. आणि खोटं सांगून ऐकायचं नाहीये."

"अहो, पण दोन शब्द लिहायला काय जातं तुमचं?"

"आणि मी लिहिलंय ते वाचायला तुमचं काय जातं?"

मारिसोल खिडकीकडे तोंड करून हसली.

डेलने विचारले, "ब्लेन, या खुर्चीवर कोण बसणार हे कोण ठरवतं?"

"तुम्हीच. पण..."

"तिथेच थांब." डेलने विमानातल्या वजनांच्या नोंदीचा कागद मांडीवर ओढला. "कॅप्टन, सायकल किती भरेल?"

"चोवीस पौंड. पिशवी धरून."

त्याने ते लिहिले, खाली सही केली आणि कागद ब्लेनच्या हातात दिला.

"मी वरच्या ऑफिसला कळवणार," ब्लेन म्हणाला.

"कळव. त्यांनी कारणात जे लिहिलंय तेच कळव. मध्ये मावशी घालू नकोस."

ब्लेन गेला. डेल वळला आणि मला वाटते मुद्दामच जरा सावकाश म्हणाला, "या, बसा."

मित्रांनो, मला कितीतरी माणसांनी उघडले आहे. पण त्या सकाळी मी स्वतःहून उघडल्यासारखी उघडले.

आठ तास ती माझ्यावर बसली. कमर दुखली तेव्हा उठली, पुन्हा बसली. उजवीकडे रशियातल्या कामचाटकाचे धुरकट डोंगर दिसले तेव्हा लहान मुलीसारखी काचेकडे वाकली. तिघांनी मिळून मासा संपवला. ओसाकाला चाके टेकली तेव्हा तिने माझ्या दांड्यावर एक हलकी थाप मारली.

आम्ही अँकरेजला परतलो, तर वरच्या ऑफिसचे उत्तर यायच्या आधीच ब्लेनने एक छापील सूचना आणून माझ्या पाठीमागच्या भिंतीवर चिकटवली. मौजेच्या प्रवासास मनाई आहे, असे त्यात ठळक लिहिले होते. डेल ती फाडायला उठला. मारिसोलने त्याचा हात धरला. "राहू दे. ती अगदी बक्कलासमोर लागलीये. खुर्ची बघून घेईल."

मी बघून घेतले. मला हात नाहीत, तोंड नाही. उघडणे आणि मिटणे एवढेच माझ्या हाती आहे. पण मिटताना माझे बक्कल नेमके त्या कागदावर घासते. मी रोज घासले.

नवव्या दिवशी ओसाकाला दाराशी व्हर्ना उभी राहिली. कॅप्टन वेगळा होता. तिचे नाक उन्हाने सोलले होते, गुडघ्याला पट्टी होती. तिने टोपी काढली. "तुमच्याबरोबर येऊ का? सायकल चालवून परत चाललेय." कॅप्टनने "या, बसा" म्हटले. बसण्याआधी तिने भिंतीवरचा अर्धा उरलेला कागद वाचला आणि इतकी हसली की तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला.

अँकरेजला उतरल्यावर तिने मला मिटले, शेवटपर्यंत धरून, जराही आवाज न करता. नंतर तळहात माझ्यावर तसाच ठेवून ती उभी राहिली. दोन दिवसांनी तिचा गणवेश उतरला. ती पुन्हा येणार नाही, हे मला ठाऊक आहे.

वरच्या ऑफिसचे उत्तर अजून आलेले नाही. कदाचित उद्या येईल, आणि मला इथून काढा असेही त्यात असेल. येऊ दे. माझ्या नळ्या अजून सरळ आहेत. कापड विटले आहे, एक शिवण उसवली आहे, ती कोणी घालत नाही. मित्रांनो, तुम्ही कधी माझ्यासारख्या खुर्चीपाशी आलात तर आधी विचारा. कशाला निघालात असे कोणी विचारले तर खरे सांगा, मग ते सायकल चालवायला का असेना. आणि उठताना मला एकदम सोडून देऊ नका, भिंतीपर्यंत धरून न्या. त्या भिंतीवर आता फक्त चिकटपट्टीचे चार कोपरे उरले आहेत. तेही मी काढीन.