लग्नाच्या लॉनवरचा भित्रा फवारा

मित्रांनो, सनई वाजली की तुम्हाला जिलेबी आठवत असेल. मला मात्र जमिनीत दडावंसं वाटतं. मी लग्नाच्या लॉनवरचा एक जुना फवारा आहे, आणि लग्नाला माझ्याइतकं घाबरणारं दुसरं कुणी तुम्हाला अख्ख्या संभाजीनगरात सापडायचं नाही. नवरदेवसुद्धा नाही!

दिसायला मी साधाच. काळ्या प्लास्टिकचं नळकांडं, आत एक स्प्रिंग आणि वर टोपी. पाइपात पाणी आलं की मी डोकं वर काढतो आणि गोल फिरत गवत भिजवतो. पाणी बंद झालं की डोकं खाली घेऊन जमिनीत दडून बसतो. दडून बसणं माझ्या जन्मातच आहे, त्यात लाज कसली?

माझा जन्म कोणत्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. जाग आली तेव्हा मी भावंडांसोबत एका खोक्यात होतो आणि खोकं पैठण रोडवरच्या एका लॉन्सच्या ओट्यावर होतं. आमच्याकडे लग्नाच्या हिरवळीच्या मैदानाला लॉन्स म्हणतात. मालक पुंजारामदादा. त्यांची ती वाडवडिलांची शेती, कपाशी बंद करून त्यांनी तिथं लॉन्स काढलं. गवत लावलं ते त्यांच्या बायकोनं, सरूबाईंनी. उन्हात गुडघ्यावर बसून त्यांनी एकेक ठोंब हातानं लावला होता.

मला बसवणाऱ्या माणसाला भारी घाई होती. त्यानं खालच्या मोठ्या पाइपावर कडक पाइपाचा एक तुकडा उभा चिकटवला, त्यावर मला आवळलं आणि निघून गेला. मी जमिनीच्या बोटभर वरच राहिलो. त्यात माझी जागा कुठं, तर गेटातून आत वळणाऱ्या रस्त्याच्या अगदी कडेला. मंडपाचे ट्रक, आइस्क्रीमचे टेम्पो, जनरेटरचे गाडे, सगळे माझ्याच डोक्यावरून वळायला बघायचे. चाक जवळ आलं की माझी बोबडी वळायची.

माझ्या शेजारी आमचा थोरला होता. एकाच खोक्यातला, पण त्याला माझ्या आधी बसवलं म्हणून थोरला. भीती म्हणजे काय ते त्याला ठाऊकच नव्हतं. मी थरथरलो की तो म्हणायचा, "अरे गप रे येड्या! आपल्याला कोण मोडतंय?" आणि ऐटीत फिरायचा. संध्याकाळी पोरं त्याच्याच पाण्यात नाचायची. सरूबाई कौतुकानं बघायच्या आणि मलाही म्हणायच्या, "तूबी फिर रं बाळा, लाजू नको." खरं सांगतो, ते दिवस चांगले होते.

मग एका जनरेटरच्या गाड्यानं माझी मान मोडली. म्हणजे मी वर शाबूत, पण खालचा कडक पाइप तडकला. दादांनी पाइप बदलून घेतला आणि म्हणाले, "आता असा पक्का करतो की बाप आला तरी हलणार नाय." त्यांनी माझ्या भोवती सिमेंट ओतलं. जाड, गोल, गळ्यापर्यंत. थोरल्याच्या आणि बाकी भावंडांच्याही भोवती ओतलं. थोरला खूश झाला, त्याला ती पाटीलकी वाटली. माझा तर श्वास कोंडला. पण मनाला म्हटलं, चला, निदान आता मोडणार तरी नाही.

कसलं काय! पाचोडहून वऱ्हाड आलं होतं. सकाळी आइस्क्रीमच्या टेम्पोचं चाक सिमेंटाच्या कडेवर चढलं. सगळा गोळा एका बाजूनं खचला आणि खालचा पाइप पुन्हा तुटला. वरून कुणाला काही दिसलं नाही. दुपारी हात धुवायचे नळ सुरू केले, ते आमच्याच पाइपावरचे; तेव्हा पाणी बारीक सोडतात, म्हणून आम्ही वर येत नाही. झालं! माझ्या शेजारच्या जेवणाच्या मंडपाखालून पाणी वर आलं. खुर्च्यांचे पाय रुतले, पत्रावळी तरंगल्या आणि वरमाईची पैठणी चिखलात गेली. वरमाई म्हणजे नवरदेवाची आई, तिचा मान केवढा! ती ताडकन उठली. "आमचं वऱ्हाड चिखलात बसवायला बोलावलं व्हय?" दादा हात जोडून मागं मागं आणि ती रुसून पुढं पुढं. चूक माझी नव्हती मित्रांनो, पण लाजेनं माझं पाणी पाणी झालं.

वऱ्हाड गेल्यावर दादा गरजले, "आता आणखी एक जरी फवारा फुटला, तर समदं गवत उपटून टाकतो अन् प्लास्टिकचं अंथरतो! पाणी नको अन् ताप नको. सांगून ठेवतो."

सरूबाई म्हणाल्या, "गवत उपटायच्या आधी मला उपटा."

पण दादांनी शब्द मागं घेतला नाही. तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागला. माझी मान गेली तर सरूबाईंचं गवत जाणार होतं, आणि गवत गेलं तर आम्हा भावंडांना कोण ठेवणार? आम्ही सगळे भंगारात जाणार होतो.

दादांचा भाचा कृष्णा वाळूजच्या कंपनीत कामाला. मामीचा फोन गेला आणि तो शिफ्ट सुटल्यावर तसाच बाइकवर आला. त्यानं घण घालून माझं सिमेंट फोडलं. बाप रे, तो आवाज! मला वाटलं, भरले आपले दिवस. तुटका पाइप हातात घेऊन तो म्हणाला, "मामा, कंपनीत हलणाऱ्या मशीनला आम्ही असला कडक पाइप लावतच नाय. रोज तुटंल. तिथं वाकणारा पाइप लागतो."

"मग ह्यो डुगडुगंल की रं," दादा म्हणाले.

"डुगडुगू द्या ना मामा. तुटण्यापरीस बरं."

त्यानं गवताचा चौकोन फावड्यानं अलगद कापून ओल्या पोत्यावर ठेवला. खड्डा रुंद केला, आतलं पाणी उपसलं, पाइपात माती जाऊ दिली नाही. आधी पाणी सोडून आतला कचरा धुऊन काढला. मग मोठ्या पाइपापासून माझ्यापर्यंत काळ्या, मऊ, वाकणाऱ्या पाइपाचा वीतभर तुकडा आडवा आणि सैल टाकला. मला सरळ धरलं, माझी टोपी बरोबर जमिनीच्या पातळीला आणली आणि भोवती मातीच भरून पायानं दाबली. सिमेंट नाही. वर पुन्हा गवत बसवलं.

खोटं कशाला बोलू, मी आणखीच घाबरलो. खाली भक्कम असं काही राहिलंच नव्हतं. थोरला हसला, "तू तर बिनबुडाचा झालास रे!"

कृष्णानं विचारलं, "मामा, उकरलंच हाय तर ह्या शेजारच्याचंबी करून टाकू का?"

दादा म्हणाले, "त्यो चालू हाय ना? मग कशाला चालत्या गाड्याला खीळ घालतो? ऱ्हाऊ दे."

कृष्णानं हात धुतले. थोरला तसाच राहिला.

पुढच्या एका लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मंडपवाल्यांचा ट्रक सामान न्यायला आला. लोखंडी पाइपांनी भरून तो उलटा निघाला. मागं उभा असलेला माणूस ओरडत होता, "येऊ दे, येऊ दे!" आणि चाक थेट माझ्याकडे येत होतं. मी डोळे मिटले. कुठल्या देवाचं नाव घ्यावं तेही सुचेना. चाक अंगावर आलं, मी मातीत खाली दबलो, एका अंगाला कललो, खालचा मऊ पाइप वाकला, आणखी वाकला... आणि चाक गेलं. मी होतो! मान जागेवर होती!

ट्रक तसाच पुढं थोरल्यावर गेला. जमिनीखाली कट्ट असा आवाज झाला.

"थोरल्या?" मी हाक मारली. "अरे थोरल्या, बोल की!"

ट्रक निघून गेला. काय झालंय ते माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. संध्याकाळी दादा पाणी सोडणार होते आणि मग सगळं उघडं पडणार होतं. त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा मनात म्हटलं, आज पाणी येऊ नये.

पण पाणी आलं. मी वर आलो, जरा तिरपा, पण फिरलो. थोरल्याच्या जागी नुसता चिखल उकळल्यासारखा वर येऊ लागला. दादा बघत उभे राहिले. सरूबाई धावत आल्या, त्या चिखलात बसल्या आणि वर येणारं पाणी तळहातानं दाबायला लागल्या. ते थांबतंय थोडंच!

मग त्यांची नजर चाकाच्या वणावर गेली. तो माझ्यावरून सरळ थोरल्यापर्यंत गेला होता.

"अहो," त्या म्हणाल्या, "दोघांवरनं तेच चाक गेलंय. ह्यो वाचला. त्योबी वाचला असता."

दादांनी पाणी बंद केलं. ते थोरल्याजवळ उकिडवे बसले. त्यांनी सिमेंटावर हात ठेवला आणि मग हळूच म्हणाले, "कृष्णाला फोन लाव. म्हणावं, सुट्टी टाक. समद्यांचं सिमेंट फोडायचंय."

गवत राहिलं मित्रांनो. सरूबाई त्या संध्याकाळी तिथंच बसून रडल्या. आता आम्हा सगळ्यांच्या खाली मऊ पाइप आहे, लग्नाआधी प्रत्येकाजवळ लाल झेंडी लागते आणि ट्रक गेटाबाहेरच थांबतात. थोरल्याच्या जागी एक नवा पोरगा आलाय, मी त्याला भीती शिकवतो आहे. मी अजूनही घाबरतो, सनई ऐकली की अजूनही जमिनीत दडावंसं वाटतंच.

तुमच्या शाळेच्या नाहीतर कॉलनीच्या बागेत असा एखादा फवारा असेल. तो फिरतोय म्हणजे बरा आहे, असं समजून पुढं जाऊ नका. खाली वाका, त्याला हात लावून बघा, सिमेंटात घट्ट असेल तर मोठ्यांना सांगा. आमचा थोरला त्या लग्नाच्या आदल्या संध्याकाळपर्यंत झकास फिरत होता.