तिसरा चेंडू आणि माणिकआत्या

मित्रांनो, मी एक जुना स्पायरोमीटर आहे. नावाला घाबरू नका. पारदर्शक प्लॅस्टिकच्या तीन उभ्या नळ्या, प्रत्येकीत एक हलका चेंडू आणि बाजूला तोंडात धरायची एक लवचीक नळी, एवढाच माझा संसार. त्या नळीतून श्वास आत ओढला की चेंडू वर उडतात. थकलेल्या फुप्फुसांची ही कसरत.

माझा जन्म चारकोपच्या औद्योगिक वसाहतीतला. गरम साच्यातून निघालो, खोक्यात शिरलो आणि थेट बोरीवलीच्या एका रुग्णालयात पोचलो. कोरोनाची दुसरी लाट होती. ताप, खोकला, धाप घेऊन जो येईल त्याच्या नाकातला नमुना तपासत होते. तिथेच आलेल्या माणिकआत्यांचा नमुना पॉझिटिव्ह आला. ऑक्सिजन लागला. घरच्यांना आत यायला बंदी. ते दिवस मी खोक्यातूनच ऐकले. त्या दिवसांबद्दल फार बोलवत नाही.

थोडा उतार पडल्यावर फिजिओथेरपिस्ट जान्हवीने मला आत्यांच्या हातात दिलं. आत्यांनी नळी तोंडात धरली आणि जोरात फुंकर मारली. माझे चेंडू ढिम्म!

"मावशी, वाढदिवसाची मेणबत्ती नाहीये ती!" जान्हवी मास्कमधून हसली. "आत ओढायचं. शहाळ्यातलं पाणी ओढता ना, तसं."

"मगे आधी शहाळा दी गो," आत्या धापा टाकत म्हणाल्या.

शेजारच्या खाटेवरच्या द्रौपदीबाई खुदकन हसल्या. आत्यांनी पुन्हा ओढलं आणि पहिला चेंडू हलला. मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

त्याच आठवड्यात फोनवर घर दिसलं. आत्यांचा भाऊ देवेश, त्याची बायको प्रांजल आणि तिच्या मांडीवर नुकतीच जन्मलेली मुलगी. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगून 'कुर्रर्र' करायचा मान आत्याचा.

"माझी वाट बघू नको, देवेश," आत्या म्हणाल्या. "बारसा करून टाक. नाव कोणय सांगात."

प्रांजलने फोन ओढून घेतला. "काहीतरीच काय, ताई! तुम्ही येईपर्यंत ही नुसती बाळ. नाव तुमच्याच तोंडून."

"अगो, पण कुर्र करूक श्वास खंय आसा माका?"

"मग आणा ना!" प्रांजल रडत होती आणि ओरडतही होती.

त्या दिवसापासून आत्यांनी मला सोडलं नाही. ओढायचं, दम खायचा, पुन्हा ओढायचं. दुसरा चेंडू चढू लागला. तिसरा मात्र बूड हलवेना.

"मेल्या, तू मोठो सायब काय रे?" आत्या त्याला दटावायच्या.

कफ सुटावा म्हणून जान्हवी आत्यांच्या पाठीवर ओंजळीच्या हाताने थोपटायची. "बारशात कुर्र करताना पाठीत धपाटे खायचेत ना, मावशी? सराव समजा."

आणि एका सकाळी तिसरा चेंडू थेट नळीच्या छताला जाऊन टक्कन वाजला. द्रौपदीबाईंनी टाळ्या पिटल्या. "चढलो गो, सायब चढलो!" म्हणत आत्या इतक्या हसल्या की जान्हवीला त्यांना दरडावून गप्प करावं लागलं.

हळूहळू ऑक्सिजन सुटला. मला स्वच्छ धुऊन त्यांच्याबरोबर चारकोपला त्यांच्या घरी पाठवलं. डॉक्टरांनी हरकत नाही म्हटल्यावर बारसं झालं. माणसं मोजकीच, खिडक्या सताड उघड्या. आत्या पाळण्यावर वाकल्या. प्रांजल पाण्याचा पेला धरून उभी होती आणि ओरडत होती, "पाठीत हळू मारा रे, हळू!"

"रेवती," आत्या म्हणाल्या. मग आला तो 'कुर्रर्रर्र'! लांबलचक, मध्ये खोकल्याची उबळ नाही. पाळण्यातल्या रेवतीने दोन्ही पाय झाडले.

"अजून एकदा करू काय?" आत्यांनी विचारलं. सगळे हसत होते, डोळे पुसत होते.

आता मी काचेच्या कपाटात असतो. रेवती खुर्चीवर चढून मला मागते. "ज्याची नळी, त्याच्याच तोंडात," आत्या ठणकावतात. बरोबर आहे त्यांचं. मित्रांनो, माझी धूळ पुसा, पण मला खेळायला नेऊ नका. खोकला असेल तर तोंड झाका. आणि घरात कोणाला धाप लागली तर 'बघू उद्या' म्हणू नका, लगेच डॉक्टरांकडे न्या. या घरात आता मला काही काम नाही. तुमच्याही घरात माझ्या भावंडांना काम मिळू नये, एवढी काळजी घ्या.