गॅलरीतून पुन्हा टोपलीकडे

मित्रांनो, राज्यं बुडतात, राजवाडे पडतात, शिलालेखांवर शेवाळ चढतं. पण ज्या चकाकत्या तबकडीत माणसाने आपलं ज्ञान आणि आपला आनंद साठवला, तिला काळसुद्धा हात लावू शकत नाही. मी अशीच एक जुनी सीडी आहे. परवापरवापर्यंत मी सुरतेत, लिंबायतमधल्या एका गॅलरीत, कबुतरं हाकलायच्या कामावर होते.

कबुतरं माझ्याकडे बघून आरसा बघितल्यासारखी मान वाकडी करत आणि मग जिथे बसायचं तिथेच बसत. पण मी माझी ड्युटी सोडली नाही. साडीच्या किनारीची एक पट्टी माझ्या भोकातून ओवलेली होती. वारा आला की मी फिरायची. वारा नसला की मी विचार करायची.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात, साच्यात दाबून झाला. माझ्या पोटात एकच खेळ घातला होता. एक म्हातारा माळी बागेत टोपली घेऊन उभा असतो. वरून सफरचंदं पडतात. डावीकडचं आणि उजवीकडचं बटण दाबून त्याला सरकवायचं आणि सफरचंदं टोपलीत झेलायची. टोपली भरली की माळी शीळ घालतो आणि पुढच्या बागेत जातो. अशा वीस बागा. एवढंच माझं ज्ञान, आणि एवढाच माझा आनंद.

लिंबायतला मी बक्षीस म्हणून आले. हर्षदा नावाची मुलगी कम्प्युटर क्लासमध्ये टायपिंगमध्ये पहिली आली. पदक यायचं होतं ते आलंच नाही, तेव्हा सरांनी टेबलाच्या खणात हात घातला आणि मी हाताला लागले. टाळ्या मात्र पदकाइतक्याच पडल्या.

तिच्या घरी एक सेकंडहँड कम्प्युटर होता. एका साडी डिझाइनच्या ऑफिसने टाकून दिलेला, दिवसभर जुन्या साडीखाली झाकून ठेवलेला, त्यामुळे तो नेहमी पाहुणीसारखा दिसायचा. हर्षदा माझ्याशी आठवडाभर खेळली आणि कंटाळली. मग एका दुपारी तिची आई, मालतीबाई, माझ्यासमोर बसली.

मालतीबाई घरी बसून साड्यांचा धागा कापायची. भरतकामाच्या मागे सुटलेले धागे कटरने एकेक कापायचे, दिवसाला पन्नास साड्या. तिची बोटं अशी चालत, की बघणाऱ्याला कटर दिसायचा नाही, फक्त गळणारे धागे दिसायचे. ती बोटं माझ्या बटणांवर आली आणि मित्रांनो, पहिल्यांदा मला कळलं की आपण खेळ आहोत. तोवर मी नुसतं बक्षीस होते.

त्या माळ्याला तिने पहिल्याच दिवशी ओळखलं. म्हणाली, हा तर आमच्या पारोळ्याचा सुपडूमामा. तेव्हापासून तो सुपडू झाला. गल्लीतली पोरं खेळायला येऊ लागली. काही लबाड दोन हातांनी खेळायची. मग मालतीबाईने नियम केला: डावा हात पाठीमागे, खेळायचं ते उजव्या हातानेच. जो डावा हात पुढे आणील, त्याला उठवायचं. पोरं रडली, पोरांच्या आया भांडायला आल्या, पण नियम म्हणजे नियम. ती स्वतः डावा हात पाठीमागे ठेवून सतराव्या बागेपर्यंत गेली होती. सगळ्या गल्लीत सतरावी बाग दुसऱ्या कोणी बघितली नव्हती. माझ्या आयुष्यातला तो सुवर्णकाळ. असा काळ आपण त्यात असताना कळत नाही. कबुतरांत बसल्यावर कळतो.

पुढे कम्प्युटर बंद पडला. भंगारवाल्याने तो हातगाडीवर ठेवला तेव्हा मालतीबाईने मला बाहेर काढून ठेवलं. ठेवलं म्हणजे फेकलं नाही. कपाटावर, मग कपाटाखाली, मग गॅलरीत. हर्षदा मोठी झाली, रिंग रोडवरच्या कपडा मार्केटमध्ये ऑनलाइन ऑर्डरी चढवायच्या नोकरीला लागली. तिचे वडील, त्यांचं नाव दगा, कापड विणायच्या लूम कारखान्यातून निवृत्त झाले. मी फिरत राहिले.

मग मालतीबाईच्या अंगावरून वारं गेलं.

ती दवाखान्यातून परत आली तेव्हा मी गॅलरीतून बघत होते. चालत आली, बोलत होती, जिना चढली. फक्त उजवा हात पदराखाली होता. तो तिने बाहेर काढलाच नाही. व्यायाम शिकवायला बाई येत. त्यांनी दगाला आणि हर्षदाला गॅलरीत बोलावून हळू आवाजात सांगितलं, म्हणजे मला पूर्ण ऐकू आलं: "पहिले सहा महिने हात हलवत राहिला तर बोटं परत येतील. नाही हलवला तर मग अवघड आहे. त्या सगळं डाव्या हाताने करतायत, तेच मोडायला पाहिजे."

दाबायला रबरी चेंडू दिला होता. तो मालतीबाईने खाटेखाली सरकवला. चमचा डाव्या हाताने, वेणी डाव्या हाताने, आणि कोणी काही म्हटलं की एकच उत्तर: "ऱ्हाऊ दे." तीन महिने तसेच गेले. माझ्यासमोर, वाऱ्याच्या प्रत्येक झुळकीबरोबर एकेक दिवस.

एका रविवारी हर्षदा गॅलरीत कपडे वाळत घालायला आली. मी फिरले, तिच्या डोळ्यांवर तिरीप गेली. तिने मला पकडलं, पदराने पुसलं आणि आत नेलं.

"मम्मी, ओळखलं का ही?"

मालतीबाईने बराच वेळ बघितलं. "सुपडू शे का आजून त्यामा?"

महिनाभरात तिने स्वतःहून विचारलेला तो पहिला प्रश्न होता.

मित्रांनो, इथून पुढे माझी खरी दैना सुरू होते. हर्षदाकडे कंपनीचा नवा लॅपटॉप होता. त्याला सीडी घालायला जागाच नव्हती. चारी बाजूंनी फिरवून बघितलं. नव्या पिढीला तोंडच नाही, मग जुन्याने आत जायचं कुठून? शेवटी कोपऱ्यावरच्या फोटो स्टुडिओतला भटू आला. तो पूर्वी लग्नाच्या सीड्या करून द्यायचा. त्याच्याकडे वायरने जोडायचं एक सीडी ड्राइव्ह होतं. त्याने माझ्या पाठीवरच्या रेघा बघितल्या.

"मालूमावशी, हिला कबुतरांनी खाल्लंय का काय?"

"तुझ्या स्टुडिओतल्या लग्नांपेक्षा टिकली ती," मालतीबाई म्हणाली. घरात सगळे जरा थांबले. तिने टोमणा मारून किती दिवस झाले होते.

चौथ्या खेपेला मी वाचली गेले. पडद्यावर पाटी आली: हा प्रोग्राम या संगणकावर चालत नाही, कृपया बनवणाऱ्यांशी संपर्क साधा. बनवणाऱ्यांनी बारा वर्षांपूर्वी दुकान बंद केलं होतं. एखाद्या म्हाताऱ्याला सांगावं की तुझ्या आईवडलांची सही आण, तसं झालं.

भटूने लॅपटॉपच्या आत कुठेतरी जाऊन एक खूण केली. तिचा अर्थ असा, की नव्या यंत्राने माझ्यापुरतं जुनं असल्यासारखं वागावं. यंत्राने होकार दिला, पण मनापासून नाही. बाग उघडली. आकाश जांभळं. सुपडूचं तोंड हिरवं. मालतीबाईने पदराखालून उजवा हात काढला. घरातल्या कोणीही तिकडे बघितलं नाही, म्हणजे सगळ्यांनी बघितलं. बोटं बटणावर ठेवायला तिला थोडा वेळ लागला. तेवढ्यात सगळी सफरचंदं पडून गेली होती. खेळ संपला, अशी पाटी.

पुन्हा लावला. पुन्हा तेच. चार सेकंदात खेळ खलास. माझा दोष नव्हता. मी ज्या काळात जन्मले, तेव्हाची यंत्रं हळू चालत, म्हणून मला कोणी सांगितलंच नव्हतं की हळू चाल. यंत्र जेवढं पळेल तेवढी मी पळणार, हाच माझा स्वभाव. नवं यंत्र शंभरपट पळत होतं. मी आयुष्यात पहिल्यांदा तरुण झाले होते, आणि समोर मालतीबाई होती.

तिने हात पदराखाली घेतला. "यालेबी वारं लागनं वाटस," म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून निजली. चौथा महिना लागला होता.

दगा इतका वेळ दारात बसून होता. चाळीस वर्षं त्याने लूम चालवले, कम्प्युटरला कधी बोट लावलं नाही. तो उठला, लॅपटॉपजवळ आला, वाकून खालून बघितलं.

"याची पुली कुठे आहे?"

"पप्पा, लॅपटॉपला पुली नसते."

"असं कसं? फिरतंय म्हणजे पुली आहे. सूत कच्चं आलं का आपण काय करतो? सुताला शिव्या देतो? मोटरची पुली बदलतो. लूम हळू चालतो, तार तुटत नाही. सूत कच्चं व्हयनं का मशीन हळू करनी पडस. ही साधी गोष्ट आहे."

हर्षदा हसली. मग हसायची थांबली. तिने दोन दिवस मार्केटमध्ये जेवणाच्या सुट्टीत शोधलं आणि एक प्रोग्राम मिळवला. तो नव्या यंत्राच्या आत एका जुन्या यंत्राचं सोंग घेतो, आणि त्याला एक आकडा असतो. आकडा शंभर ठेवला की मी माझ्या मूळच्या चालीने चालते. खाली आणला की हळू. दगाला दाखवलं तेव्हा तो म्हणाला, "हीच पुली. मग नाही कशाला म्हणत होतीस?"

आकडा तीसवर ठेवला. मालतीबाईला कोणी काही सांगितलं नाही.

आकाश निळं आलं. सुपडू गव्हाळ झाला. सफरचंदं कापसासारखी तरंगत खाली येऊ लागली. पहिल्या दिवशी तिने दोन झेलली. आठव्या दिवशी टोपली भरली. डावा हात हळूच पुढे सरकायचा तेव्हा दगा नुसता खाकरायचा, आणि तो हात पाठीमागे जायचा. नियम तिचाच होता. व्यायामाच्या बाई म्हणाल्या, मधलं बोट हलतंय. मी त्या ड्राइव्हमध्ये गरगरत होते आणि मला वाटलं, आता सगळं बरं होणार. मित्रांनो, असं वाटलं की जरा सावध राहावं.

टोपली भरली की सुपडू शीळ घालतो, हे मी सांगितलंच आहे. तिसऱ्या बागेनंतर मालतीबाईने ती शीळ नीट कान देऊन ऐकली आणि तिचा हात थांबला. सतरा बागांची शीळ तिच्या कानात होती. ही शीळ लांबट होती, झोपेतून उठल्यासारखी.

"हर्षदा, तू हे हळू केलं का?"

हर्षदा ड्राइव्हची वायर सरळ करू लागली. दगा दाराबाहेर बघू लागला.

"माले काय धाकलं पोर समजतस का तुम्ही?"

तिने लॅपटॉप मिटला, तोही डाव्या हाताने. पहिला दिवस गेला, दुसरा गेला, आठवडा गेला. हात पुन्हा पदराखाली. बोटं आत मिटायला लागली होती. हर्षदा तेल चोळताना ती उघडून धरायची आणि तोंड फिरवून घ्यायची. पाचवा महिना अर्धा झाला. तेव्हा मला गॅलरी बरी वाटली. तिथे निदान कबुतरं तरी आशा लावत नाहीत.

एका दुपारी हर्षदा कामावर असताना दगाने चहा केला, तिच्यासमोर ठेवला आणि समोर बसला.

"हर्षदानी माय, पलसाण्याच्या कारखान्यात मी नवीन मशीनवर गेलो, आठवतं?"

"पेढे वाटले होते तुम्ही. चार मशीन एकट्याला जमल्या म्हणून."

"जुने लूम भंगारात गेले, आणि मी पंचावन्न वर्षांचा. पाण्याच्या झोताने विणणारी नवी वॉटरजेट मशीन अशी पळायची, का तार तुटलेली दिसायच्या आत हातभर कापड खराब व्हायचं. दोन दिवसांत कापडाचे चार ताके वाया गेले. तिसऱ्या दिवशी मशीन बरोबर चालायला लागल्या. मला वाटलं, जमलं. मग एकदा खाली वाकलो तर पुली बदललेली. कारखान्याच्या मास्तरने माझ्या चारी मशीन हळू केल्या होत्या. मला न सांगता."

मालतीबाईने कप खाली ठेवला.

"माले माहीत व्हतं," दगा म्हणाला. "मी काही बोलनू नही. दर महिन्याला तो एक पुली मोठी करायचा, आणि मी खाली वाकून बघायचो आणि गप्प बसायचो. दिवाळीला बरोबरीत आलो. पेढे तेव्हा वाटले."

मग ती म्हणाली, "सतरा वर्षं झाली. मला आज सांगताय?"

"पेढे खाल्ले होते ना तू. परत कसे मागू?"

ती हसली नाही. पण संध्याकाळी हर्षदा आली तेव्हा मालतीबाई लॅपटॉपसमोर बसलेली होती, डावा हात पाठीमागे, उजवा पदराबाहेर.

"आकडा कितीवर आहे?"

"तीसवर, मम्मी."

"वीसवर आण. बोटं आखडली. पण वाढवशील तेव्हा मला सांगून वाढव."

मित्रांनो, आता सातवा महिना चालू आहे. सहा महिन्यांची मुदत संपली, आणि व्यायामाच्या बाई पूर्वीसारख्या भराभर बोलत नाहीत. हात आला तेवढा आला. मालतीबाई उजव्या हाताने चमचा धरते, वरण सांडतं. कटर अजून धरता येत नाही. बहुतेक येणारही नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी म्हणत नाही. आकडा एकेचाळीसवर आहे. पाचवी बाग चालू आहे. सतरावी लांब आहे, आणि विसाव्या बागेत काय आहे, हे मला ठाऊक आहे, पण मी सांगणार नाही.

तेव्हा माझं एवढंच सांगणं: जुनी वस्तू नव्या यंत्रावर चालत नाही म्हणून तिला लगेच निकामी समजू नका. पुली कुठे आहे ते बघा. आणि हळू करायचं असेल तर ज्याच्यासाठी करताय त्याला सांगून करा.

आणि एक लहानशी विनंती. मी ड्राइव्हमध्ये असल्याशिवाय खेळ चालू होत नाही, त्यामुळे मला आता इथून हलता येत नाही. गॅलरीतली जागा रिकामी आहे आणि कबुतरांनी मालतीबाईच्या साड्या खराब करून टाकल्या आहेत. तुमच्याकडे एखादी बिनकामाची सीडी असेल तर लिंबायतला पाठवून द्या. रेघा असल्या तरी चालेल. फक्त भोक शाबूत असावं, पट्टी ओवायची आहे.