नागू हमाल नेपाळला जातो

माथेरानच्या दस्तुरी नाक्यावर नागू बारा वर्षं हमाली करत होता. कर्जतच्या अंगाला डोंगराच्या पायथ्याशी त्याची ठाकरांची वाडी. पहाटे वर चढायचं, पाहुण्यांच्या बॅगा डोक्यावर घेऊन हॉटेलात पोचवायच्या, दिवस कलताना खाली उतरायचं. एकदा एक गोरा आला. त्याच्या पाठीवर एवढं मोठं बोचकं, पट्टे खांद्यात अडकवलेले. नागूनं हात पुढे केला तर म्हणाला, "नहीं. ये मेरा है."

त्याचं नाव पीटर. चार दिवस नागूनं त्याला डोंगरातल्या वाटा दाखवल्या. पीटर नेपाळात दोन महिने पायी फिरून आला होता.

"उधर क्या काम था, साब?"

"काम नहीं. चलना."

जाताना त्यानं ती जुनी पाठपिशवी नागूला देऊन टाकली. तिचा एक पट्टा तुटला होता. नागूनं तो चांभाराकडून शिवून घेतला. पुढे दोन वर्षं पिशवी घरात खुंटीला होती आणि नागूची बायको चिंधी तिच्यात कांदे ठेवायची. पण काम नसताना माणूस ओझं घेऊन कशाला चालतो, हे काही नागूच्या डोक्यातून जाईना.

सत्त्याहत्तर सालचा पावसाळा. लावणी आटपली होती आणि वर माथेरान बंद होतं. नागू म्हणाला, "मी जाऊन येतो."

"कुठं? कशेळ्याच्या बाजाराला?"

"नेपाळला."

चिंधी आधी हसली. मग तिनं त्याच्या तोंडाकडे बघितलं. "तिकडं कोन हाय आपलं?"

"कोन नाय."

"मंग?"

नागूची नजर खुंटीकडे गेली. चिंधीनं खुंटीवरची पिशवी काढली, कांदे टोपलीत ओतले. दुसऱ्या दिवशी तिनं भाकऱ्या आणि सुकट बांधून दिली. म्हणाली, "कापनीच्या आदी ये. नायतर मी एकटी कापीन आन् एकटीच खाईन."

कल्याणहून गोरखपूरची गाडी, तिथून मोटारीनं सरहद्द, पुढं दिवसभर घाटातून पोखरा. तिथं डांबर संपलं आणि नागू चालू लागला.

डोंगर चढायची त्याला सवय होती, पावसाचीही होती. पण आपल्या डोंगराचा माथा तासा-दीड तासात लागतो. इथं सकाळी सुरू झालेल्या दगडी पायऱ्या दुपारीही संपत नव्हत्या. जळवा घोट्याला चिकटायच्या. अंगावरचे कपडे तीन-तीन दिवस वाळत नसत. पण त्याहून जड होती लोकांची नजर. प्रत्येक गावात विचारत, "कहाँ जाने?" एवढं त्याला कळायचं. तो म्हणायचा, "फिरने." लोक एकमेकांकडे बघत. कुणी विचारी, कापड विकायला आलास का? एका गावात तर दोघा-तिघांनी त्याची पिशवी उलटी करून बघितली. गोरा फिरला तर तो पाहुणा. नागू फिरला तर कुठून तरी पळून आलेला.

पाचव्या दिवशी ओल्या पायरीवरून त्याचा पाय सटकला आणि घोटा मुरगळला. तो तसाच बसून राहिला. खालून एक म्हातारा हमाल आला. पाठीवर मिठाची टोपली, तिचा पट्टा कपाळावरून घेतलेला. नागूनं जाणत्या नजरेनं ते ओझं पाहिलं: दीड मणाहून कमी नव्हतं. म्हाताऱ्यानं टोपली टेकवली, नागूचा घोटा दाबून पाहिला, एक काठी तोडून त्याच्या हातात दिली. मग काही न विचारता नागूची पिशवी उचलून मिठावर ठेवली आणि चालू लागला.

"बाबा, नको!" नागू ओरडला. म्हातारा वळणाआड गेलासुद्धा.

नागू लंगडत निघाला. पहिल्यांदा त्याला लाज वाटली. जन्मात कुणी त्याचं ओझं वाहिलं नव्हतं. पण पुढच्या वळणावरही म्हातारा दिसेना, त्याच्या पुढच्याही. मग नागूनं काठी टेकत पाय उचलला. पिशवीत परतीचे पैसे होते, घोंगडी होती. गेलं सगळं. म्हातारा एवढ्या झपाझप का चालत होता, ते आता कळलं असं त्याला वाटलं. वाटेत त्यानं म्हाताऱ्याला चार शिव्याही दिल्या.

दोन तासांनी गाव आलं. पहिल्याच घराच्या ओसरीवर, पाऊस लागणार नाही अशी आत सरकवून, पिशवी ठेवली होती. गाठसुद्धा सुटली नव्हती. म्हातारा केव्हाच पुढं गेला होता.

नागू पिशवीशेजारी बसला. माथेरानला बॅगा त्याच्या डोक्यावर देऊन मागून चालणाऱ्या पाहुण्या बायका त्याला आठवल्या. नागू जरा पुढं गेला की हाका मारायच्या, "अरे थांब, दिसेल असा चाल!" बारा वर्षं ती हाक त्याला बोचत आली होती. आज तोच संशय त्याच्याच तोंडातून शिवी होऊन निघाला होता. तेही अशा माणसाविषयी, ज्याला तो नावानंही ओळखत नव्हता. त्याला रडू आलं.

त्या घरच्या म्हातारीचं नाव मनमाया. तिनं त्याचा पाय शेकला आणि तांबूस काळ्या पिठाचा घट्ट गोळा ताटलीत वाढला. पहिल्याच घासाला नागू थांबला. बोटानं पीठ दाखवून म्हणाला, "नाचनी!" मनमाया म्हणाली, "कोदो." दोघांनी दोन्ही शब्द दोन-दोनदा म्हणून पाहिले.

घराखालच्या उताराच्या शेतात मक्याच्या ओळींमधून त्याच नाचणीची रोपं लावायचं काम चाललं होतं. तीन दिवसांनी नागू बसत-सरकत रोपं लावू लागला. त्याचा हात भराभर चाललेला बघून शेतातल्या बायका हसल्या. कुणीतरी त्याला वाकुल्या दाखवून ओळीची शर्यत लावली, आणि तो हरला. त्या गावात मग त्याला पुन्हा कुणी विचारलं नाही, तू कशाला आलास.

भादव्याच्या अखेरीस तो वाडीला परतला. वाळला होता, दाढी वाढली होती. चिंधीनं पाणी दिलं आणि समोर बसली. नागू सांगत राहिला: पायऱ्या, जळवा, म्हातारा हमाल, मनमाया, नाचणी. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तिथल्या बाया पानी कशात आनतात?"

"टोपलीत हंडा ठेवून, पाठीवर."

"आन् पोर लहान असलं तर? पाठीवर हंडा, मंग पोर कुठं?"

नागू आठवू लागला. "ते नाय बघितलं."

"बाळंतीन झाल्यावर किती दिवसांनी शेतात येतात?"

"ते पन नाय."

"मंग महिनाभर तू बघितलंस काय रं?" चिंधी उठली आणि चुलीपाशी गेली. जाळ नीट करता करता म्हणाली, "पुढल्या लावनीनंतर मी पन येईन. तू पुरुषाच्या डोळ्यानंच बघून आलास."